मुलीची अर्धशिशी, दंडावरचं यंत्र आणि शाळेतला फोन (बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्या पालकांनी जरूर लिहावं)

खानापूरची_आई
सोमवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिणार आहे, सवडीनं वाचा.

माझी लेक नववीला आहे. मराठी माध्यम, खानापूर तालुक्यातलीच शाळा. सहावीपासून तिचं डोकं दुखतं. आधी आम्ही चष्म्याच्या मागं लागलो, दोनदा नंबर तपासला. मग सासूबाईंनी सुंठ उगाळून कपाळाला लावली, मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. त्यांना मी नावं ठेवत नाही, नातीच्या ओढीनंच करत होत्या. जवळच्या डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, अर्धशिशी म्हणजे अर्धं डोकं. हिचं तर सगळं कपाळ दुखतं, म्हणजे हे पित्त. दोन वर्षं पोरीनं पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या. शेवटी बेळगावला न्यूरॉलॉजिस्टांकडं गेलो तेव्हा कळलं, की मुलांत अर्धशिशी बऱ्याचदा दोन्ही बाजूंना, कपाळभर असते. मोठ्या माणसांपेक्षा लवकरही उतरते, कधी दोन तासांत. उलटी, उजेड नको, आवाज नको, आणि झोप लागली की उतार. सगळं तंतोतंत हिचंच वर्णन.

महिन्यातून सहा-सात वेळा व्हायचं. दरवेळी गोळी. कधी वाटलं म्हणून आधीच गोळी, कधी परत आलं म्हणून दुसऱ्या दिवशी गोळी. डॉक्टरांनी कॅलेंडरवर खुणा करायला सांगितल्या तेव्हा एका महिन्यात गोळीचे तेरा दिवस भरले. ते म्हणाले, असंच चाललं तर गोळ्यांमुळंच डोकं दुखायला लागेल.

जूनमध्ये त्यांनी नेरिव्हिओ नावाचं यंत्र लिहून दिलं. दंडाला पट्ट्यानं बांधायचं, फोनवरच्या अ‍ॅपनं सुरू करायचं, ४५ मिनिटं चालतं आणि आपोआप बंद होतं. दंडात झिणझिण्या येतात. औषध काही नाही. अट एकच: डोकं दुखायला लागल्यापासून तासाभरात सुरू करायचं. जितकं लवकर तितकं बरं.

घरी हे चांगलं चाललं. सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी, सहा वेळा लावलं, त्यातल्या चार वेळा दोन तासांच्या आत ती उठून जेवायला आली. एकदा थोडं कमी झालं, एकदा काहीच नाही.

शाळेत मात्र सगळं विस्कटलं. गेल्या बुधवारची गोष्ट. तिसऱ्या तासाला, अकराच्या सुमारास, तिला सुरू झालं. यंत्र दप्तरात होतं. फोन ऑफिसच्या कपाटात, कारण शाळेत मुलांना फोन चालत नाही. तिनं हात वर केला. बाई म्हणाल्या, तास संपू दे. तास संपल्यावर ऑफिसात गेली तर हेडसर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला मीटिंगला गेलेले आणि किल्ली त्यांच्याकडं. शिपाईमामांनी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. फोन हातात आला तेव्हा सव्वा वाजला होता. तिनं यंत्र लावलं, पण काही उपयोग झाला नाही. उलट्या झाल्या. मला दोन वाजता फोन आला, बस मिळून मी पोचेपर्यंत साडेतीन. माझी पोर ऑफिसच्या कोपऱ्यात ओढणी डोळ्यांवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती. मला बघून पहिलं वाक्य काय बोलली? "आई, मी नाटक करत नाही गं."

कुणीतरी तसं म्हटलं असणार, त्याशिवाय पोर असं बोलत नाही.

कुणावर राग काढायला हे लिहीत नाही. बाईंच्या वर्गात पंचावन्न मुलं आहेत. पण अकरा ते सव्वा हा वेळ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तुमच्यापैकी कुणी शाळेत हे यंत्र वापरतंय का? फोनचं काय केलंत? शाळेला कसं सांगितलंत?

---

निपाणीकर_ताई
सोमवार, रात्री ११.०२

ताई, वाचून पोटात कालवलं. माझा मुलगा आठवीत आहे, आम्ही हेच यंत्र सात महिने वापरतोय.

आमच्याकडं तंबाखूचा वास हे मोठं कारण. निपाणीत राहून तंबाखू टाळायची कशी? वखारीच्या रस्त्यानं सायकलवरून जायचा, तो रस्ता बदलला. लांब पडतो, पण बराच फरक पडला.

फोनचं आम्ही असं केलं: घरातला जुना फोन, सिम काढून टाकलं, त्यात ते अ‍ॅप सोडून काही ठेवलं नाही. गेम नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही. तो फोन पीटीच्या सरांकडं असतो, कारण सर दिवसभर शाळेतच असतात, मीटिंगला जात नाहीत. चार्जिंग रविवारी आणि बुधवारी घरी आणून करतो. सरांनी पहिल्या दिवशी फोन उघडून बघितला, खात्री पटली, मग काही प्रश्न उरला नाही.

आणखी एक, आमचे पहिले चार-पाच वापर वाया गेले ते जोर कमी ठेवल्यामुळं. गुदगुल्या होतात म्हणून तो अगदी हळू ठेवायचा. डॉक्टर म्हणाले, झिणझिण्या चांगल्या जोरात जाणवल्या पाहिजेत, पण दुखता कामा नये. ती पातळी घरी, डोकं दुखत नसताना बसून शोधा. ऐन दुखण्यात पोराला ते सुचत नाही.

तो वर्गातच बसतो, बाही खाली ओढली की दिसत पण नाही. सुरुवातीला मुलं विचारायची, शुगरचं मशीन आहे का रे? आता कुणी विचारत नाही.

---

अनगोळचा_काका
मंगळवार, सकाळी ७.४०

ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण मनातलं विचारतो. दुखतंय डोकं आणि करंट दंडाला, हे कसं पटायचं? माझ्या बहिणीनं अर्धशिशीसाठी आयुष्यभर काय काय करून बघितलं. प्रत्येक वेळी नवीन काहीतरी येतं, महाग असतं, चार महिने सगळे गुण गातात आणि मग कपाटात पडतं. लहान पोरांच्या अंगाला वीज लावायची, मला तरी भीती वाटते.

---

मुलांची_डॉक्टर
मंगळवार, दुपारी २.२०

काका, प्रश्न योग्य आहे. मी बालरोगतज्ज्ञ आहे, या भागातच प्रॅक्टिस करते. यंत्र विकणाऱ्या कंपनीशी माझा संबंध नाही.

एका ठिकाणी दुखत असताना दुसरीकडं जोरात चिमटा काढला तर पहिलं दुखणं बोथट होतं, हा अनुभव सगळ्यांना असतो. त्याला शरीरात खरा आधार आहे. दंडातल्या नसांमधून संदेश मेंदूच्या खोडापर्यंत जातो आणि तिथून वेदना दाबणारी यंत्रणा जागी होते. ती फक्त दंडापुरती काम करत नाही, सगळ्या शरीराची वेदना खाली आणते, डोक्याचीसुद्धा. या यंत्राची लहर अशी बेतलेली आहे की त्या नसा जाग्या व्हाव्यात, पण मुलाला दुखू नये.

पुरावा किती? मोठ्या माणसांत २५२ जणांची चाचणी झाली, ती २०१९ मध्ये छापून आली. निम्म्यांना खरं यंत्र, निम्म्यांना तसंच दिसणारं खोटं. दोन तासांनी आराम पडला असे खऱ्या यंत्रात ६६.७ टक्के, खोट्यात ३८.८ टक्के. खोट्या यंत्रानं पण इतक्यांना बरं वाटलं हे ध्यानात ठेवा, अर्धशिशीत तसं होतंच. पण दोन्हींतला फरक मोठा आहे.

१२ ते १७ वर्षांच्या मुलांची चाचणी २०२१ मध्ये आली. ती लहान आहे आणि तिच्यात खोटं यंत्र नव्हतं, त्यामुळं मी त्या आकड्यांवर जपूनच बोलते: दोन तासांनी आराम ७१ टक्के, पूर्ण दुखणं गेलं ३५ टक्के. म्हणजे तीनातल्या एकाला साफ बरं वाटलं, आणखी एखाद्याला बरंचसं, आणि उरलेल्याला गोळी लागली किंवा झोपावं लागलं. खानापूरच्या ताईंचे सहापैकी चार याच्याशी जुळतात. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) मोठ्यांसाठी २०१९ मध्ये आणि या वयाच्या मुलांसाठी जानेवारी २०२१ मध्ये परवानगी दिली. भारतात डॉ. रेड्डीज कंपनीनं २०२३ मध्ये आणलं.

कुणी वापरू नये? ज्यांच्या शरीरात पेसमेकर किंवा कानात बसवलेलं इम्प्लांट आहे, ज्यांच्या फिट्स आटोक्यात नाहीत, ज्यांना हृदयाचा मोठा आजार आहे. दंडावर जखम किंवा पुरळ असेल तर तिथं लावू नका. त्रास झालाच तर दंड लाल होणं, खाज, थोडा वेळ बधिर वाटणं इतकाच असतो.

काका म्हणतात तशी भीती औषधांचीही बाळगायला हवी, म्हणून हेही सांगते. रोज घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्यांची ८ ते १७ वर्षांच्या मुलांवरची मोठी अमेरिकन चाचणी २०१७ मध्ये आली. अ‍ॅमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट आणि साखरेची गोळी अशी तुलना होती. तिन्हींत फरक निघाला नाही, आणि खऱ्या औषधांचे दुष्परिणाम मात्र जास्त. याचा अर्थ गोळ्या कधीच देऊ नयेत असा नाही, मीही काही मुलांना देते. पण औषधाशिवायचा उपाय आधी बघायला भक्कम कारण आहे.

आणि कृपा करून हे विसरू नका: अचानक, क्षणात भयंकर उठलेली डोकेदुखी, ताप आणि मान आखडणं, रोज पहाटे उठल्याबरोबर उलटी, एका बाजूची शक्ती जाणं, दोन-दोन दिसणं, फिट, डोक्याला मार. यातलं काही असेल तर यंत्र नाही, इथं विचारत बसणं नाही, थेट हॉस्पिटल.

---

मेडिकलवाला_शहापूर
मंगळवार, संध्याकाळी ६.५०

मी औषध दुकान चालवतो. दुकानात रोज बघतो ते सांगतो.

"पोराचं डोकं दुखतंय, एक गोळी द्या" असं म्हणून येणारे पालक आठवड्याला तेच ते असतात. मी विचारतो, या महिन्यात कितवी? कुणाला सांगता येत नाही. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, आणि ट्रिप्टान (अर्धशिशीची खास गोळी) किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर डोकेदुखी गोळीमुळंच टिकून राहते. कॅलेंडर भिंतीला लावा, गोळी घेतली की गोल करा. आपल्याकडं प्रत्येक घरात कॅलेंडर असतंच.

मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. मुलांचा डोस वजनावर ठरतो. अ‍ॅस्पिरीन असलेली गोळी १६ वर्षांखालच्या मुलाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अजिबात नको, यकृताला आणि मेंदूला इजा होणारा आजार क्वचित का होईना होऊ शकतो. पावडरच्या पुड्यांत काय काय असतं ते वाचून घ्या.

दोघा-तिघांनी मला विचारलं, फिजिओथेरपीवाल्यांचं टेन्स मशीन (दुखऱ्या जागी हलका करंट देणारं) स्वस्तात मिळतं, तेच दंडाला लावलं तर? नको. चाचण्या ज्या लहरीवर झाल्या ती वेगळी बेतलेली आहे. टेन्सवर अर्धशिशीच्या मुलांचा भरवसा ठेवून तो पहिला तास घालवू नका. आणि कुणी डोक्याला, गळ्याला लावायचा प्रयोग तर मुळीच करू नका.

---

दहावीतली_येळ्ळूर
मंगळवार, रात्री ९.३०

मी पालक नाही, पोरगी आहे, दहावीला. माझ्याकडं यंत्र नाही. पण शाळेत अर्धशिशी म्हणजे काय असतं ते मी सांगतो, मोठ्यांना ते कळत नाही असं वाटतं.

दुखायच्या आधी तास-दोन तास मला जांभया येतात, मान धरती. सर म्हणतात झोपलीस काय गं. मग फळ्यावरची मधली अक्षरं गायब होतात आणि कडेला चमचमणारी नागमोडी रेघ दिसती, वीस मिनिटं. त्यानंतर दुखणं. म्हणजे मला आधी कळतंय. पण हात वर करून पूर्ण वर्गासमोर "सर, डोकं दुखूलालंय" म्हणायचं असतं ना, तेच जमत नाही. पोरं हसतात. मागच्या बाकावरचं एक पोरगं म्हणतंय, हिला गणिताच्या तासालाच कसं दुखतंय? खरं तर गणित पाचवा तास आहे आणि मी सकाळी चहा पिऊन येतो, काही न खाता. म्हणून त्याच वेळी दुखतंय. हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं.

माझ्या क्लासटीचर बाईंना आईनं भेटून सांगितलं, मग त्यांनीच एक युक्ती काढली. मला त्रास सुरू झाला की मी कंपासपेटी बाकाच्या कोपऱ्यावर उभी करून ठेवतो. बाकीच्या सगळ्या टीचरना पण त्यांनी सांगून ठेवलंय. टीचरनी मान हलवली की मी उठून जातो. कुणी विचारत नाही, मी काही बोलत नाही. ह्या एका गोष्टीनं मला जेवढं बरं वाटलं ना, तेवढं गोळीनं पण नाही.

काकू, तुमच्या लेकीला सांगा, ती नाटक करत नाही हे मला माहीत आहे.

---

खानापूरची_आई
मंगळवार, रात्री १०.०५

बाळ, तुझं लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, फोन माझ्या हातातून घेऊन स्वतः परत एकदा वाचला. सकाळी खाऊन जात जा गं. चहा म्हणजे खाणं नव्हे.

डॉक्टर ताई, एक शंका. नागमोडी रेघ दिसायला लागल्यावर यंत्र लावायचं की दुखायला लागल्यावर?

---

मुलांची_डॉक्टर
मंगळवार, रात्री १०.४०

रेघ दिसली की लगेच. दुखण्याची वाट बघायची नाही.

आणि खाण्याचं खरंच मनावर घ्या. आपल्या मुली सोमवार, चतुर्थी, नवरात्र धरतात. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांचा उपवास हा हमखास त्रासाचा दिवस असतो. आजीला मी स्वतः समजावून सांगते, की देवाला पोरीचं डोकं दुखलेलं आवडणार नाही. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी मुलं न खाता पळतात आणि रविवारी दहापर्यंत झोपतात. झोपेची वेळ अशी पुढंमागं झाली की सोमवारी डोकं. सरकारी शाळांत क्षीर भाग्य योजनेचं दूध मिळतं, ते नको म्हणून ओतून देऊ नका म्हणावं. पाण्याची बाटली दप्तरात, आणि शाळेतून आल्यावर ती रिकामी झाली का ते बघा. मुली शाळेतल्या संडासाला जायला नको म्हणून पाणी पीत नाहीत, हे मला दर आठवड्याला ऐकायला मिळतं.

मुलींत पाळी सुरू झाल्यावर प्रमाण वाढतं. कॅलेंडरवर पाळीची तारीख पण लिहा, ठरावीक दिवस दिसून येतात.

---

सर_चिक्कोडी_तालुका
बुधवार, सकाळी ६.१५

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो, एकोणीस वर्षं झाली. खानापूरच्या ताईंची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. "तास संपू दे" हे मीसुद्धा कितीतरी मुलांना म्हटलेलं आहे. खोटं दुखणं सांगणारी मुलंही असतात, पण त्या चारांसाठी खऱ्या एकाला थांबवून ठेवलं हे आता टोचतंय.

शाळेच्या बाजूनं काय करता येतं ते लिहितो.

तोंडी सांगू नका. वर्गशिक्षक बदलतात, ऑफ तासाला भलतेच शिक्षक येतात, त्यांना काही माहीत नसतं. लेखी अर्ज द्या, सोबत डॉक्टरांचं पत्र जोडा. अर्ज मराठीत चालेल, पण एक प्रत कन्नडमध्येही द्या, कारण पुढं परीक्षेसाठी किंवा बीईओ ऑफिसला तोच कागद लागला तर परत धावाधाव नको. पोच घ्या. सरकारी शाळा असेल तर एसडीएमसीच्या (शाळेच्या विकास आणि देखरेख समितीच्या) अध्यक्षांच्या कानावर घाला, मग हेडसरांनाही फोनबद्दल निर्णय घ्यायला बळ मिळतं. फोनबंदी मोडा असं कुणी म्हणत नाही. हा फोन म्हणजे औषधाच्या डबीचं झाकण आहे, इतकंच त्यांना पटवायचं.

किल्ली एकाच माणसाकडं नको. दोन माणसं ठरवा, त्यातला एक नेहमी शाळेत असणारा.

४५ मिनिटं म्हणजे आमचा साधारण एक तास. मुलगी वर्गात बसू शकत असेल तर मागच्या, खिडकीपासून लांबच्या बाकावर बसू द्या, लिहायची सक्ती नको. बसवत नसेल तर लायब्ररी किंवा प्रयोगशाळा, पडदा ओढून. स्टाफरूममध्ये नको, तिथं सतत बोलणं चालू असतं. बुडालेलं लिखाण दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या वहीतून. त्यासाठी शिक्षा नाही, हे शिक्षकानं वर्गासमोर एकदा मोठ्यानं सांगावं.

एसएसएलसीबद्दल, म्हणजे दहावीच्या बोर्ड परीक्षेबद्दल: परीक्षा केंद्रात फोन चालत नाही, आणि फोनशिवाय हे यंत्र सुरू होत नाही. तिथं त्या वेळी काही खटपट करू नका. काय करायचं ते डॉक्टरांशी डिसेंबरातच बोला. पालकांना एक धीर देतो: २०२४ पासून आपल्याकडं वर्षाला एकाहून जास्त परीक्षा होतात. पहिल्या परीक्षेत एखादा पेपर डोक्यामुळं गेला, तर दुसऱ्या परीक्षेत परत देता येतो आणि चांगले गुण धरले जातात. मुलाला हे आधीच सांगून ठेवा. पेपर जाईल या धास्तीनंच अर्ध्या मुलांचं डोकं धरतं.

---

अनगोळचा_काका
बुधवार, सकाळी ८.१०

डॉक्टर ताई, सविस्तर सांगितलंत, आभारी आहे. खोट्या यंत्राचा आकडा पण सांगितलात म्हणून विश्वास बसला. बहिणीला वाचायला पाठवलंय. तिच्या शाळेच्या काळात तिला कुणी कंपासपेटी उभी करायला सांगितलं असतं तर, असं मनात आलं. ती नववीतच शाळा सोडून घरी बसली होती.

---

निपाणीकर_ताई
बुधवार, दुपारी १.३०

काका, बहिणींना नमस्कार सांगा.

खर्चाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. स्वस्त नाही. आमच्याकडचं यंत्र मोजक्या वेळा वापरून संपतं, मग नवं घ्यायचं. म्हणून आम्ही ठरवलं: शाळेत किंवा प्रवासात सुरू झालं तर यंत्र, घरी असताना हलकं असेल तर आधी अंधारी खोली आणि झोप. डॉक्टरांना विचारूनच ठरवलंय. ज्यांना परवडत नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नका. वेळेवर वजनाप्रमाणे गोळी, खाणं, झोप आणि शाळेची परवानगी, एवढ्यावर सुद्धा बरीच मुलं सावरतात. डॉक्टर, बरोबर ना?

---

मुलांची_डॉक्टर
बुधवार, रात्री ९.००

अगदी बरोबर. गोळीलासुद्धा तोच नियम आहे, लवकर घेतली तर चालते. म्हणजे यंत्र असो नाहीतर गोळी, शाळेनं मुलाला पहिल्या तासात सोडलं पाहिजे.

ज्यांना खासगी न्यूरॉलॉजिस्ट परवडत नाहीत त्यांनी बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात ब्रेन हेल्थ क्लिनिकची चौकशी करावी. राज्य सरकार आणि निम्हान्स (बेंगळुरूची मेंदू आणि मनाच्या आजारांची राष्ट्रीय संस्था) मिळून कर्नाटक ब्रेन हेल्थ इनिशिएटिव्ह चालवतात, त्यात फिट, पक्षाघात, स्मृतिभ्रंश यांच्याबरोबर डोकेदुखीही घेतलेली आहे. आणि आपल्या राज्यात हा आजार काही दुर्मीळ नाही. निम्हान्सच्या लोकांनी कर्नाटकात १८ ते ६५ वयाच्या दोन हजारांवर माणसांना घरोघरी जाऊन विचारलं होतं, तेव्हा वर्षभरात अर्धशिशी झालेले २५.२ टक्के निघाले. चारातला एक. शाळेच्या स्टाफरूममध्येच दोन-तीन जण असतील. त्यांच्यापैकी एकाला आधी भेटा, हेडसरांपर्यंत तुमचं म्हणणं तेच पोचवतील.

---

खानापूरची_आई
गुरुवार, रात्री ११.१०

सगळ्यांचं वाचून आज अर्ज लिहिला. इथं टाकते, कुणाला उपयोगी पडला तर उतरवून घ्या. कन्नड प्रत शेजारच्या वहिनींनी करून दिली.

"मा. मुख्याध्यापक यांस, सा. न. वि. वि. माझी मुलगी इयत्ता नववीत शिकते. तिला अर्धशिशीचा आजार असून डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. त्रास सुरू झाल्यापासून एका तासाच्या आत तिने दंडावर यंत्र लावणे आवश्यक आहे. ते यंत्र फोनशिवाय सुरू होत नाही. त्यासाठी सिमकार्ड नसलेला एक फोन शाळेत ठेवण्याची परवानगी मिळावी. तो फोन आपण ठरवाल त्या दोन व्यक्तींकडे राहील. तिने बाकावर कंपासपेटी उभी ठेवल्यास तिला प्रश्न न विचारता जाऊ द्यावे, ही नम्र विनंती. यंत्र लावूनही दोन तासांत आराम न पडल्यास, वारंवार उलट्या झाल्यास किंवा तिचे बोलणे-चालणे वेगळे वाटल्यास मला त्वरित कळवावे. बुडालेला अभ्यास ती घरी पूर्ण करील."

शेवटचं वाक्य तिनं स्वतः घालायला लावलं.

---

सर_चिक्कोडी_तालुका
शुक्रवार, सकाळी ६.३०

अर्ज चांगला झालाय. खाली दोन फोन नंबर लिहा, एक घरचा आणि एक शाळेजवळ राहणाऱ्या नातेवाइकांचा. तुम्हाला बसनं यायला दीड तास लागतो, हे विसरू नका.

---

खानापूरची_आई
पुढच्या आठवड्यात, गुरुवार, रात्री ९.४५

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं.

सोमवारी हेडसरांना भेटले. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले, "आमच्या घरी मंडळींना आहे हे." डॉक्टर ताई, तुम्ही म्हणालात तसंच झालं. फोन आता लायब्ररीच्या बाईंकडं असतो, दुसरी किल्ली शिपाईमामांकडं. गेल्या वेळी लेकीला पाणी देऊन बसवलं होतं ते हेच मामा. फोन कसा उघडायचा ते त्यांनी माझ्याकडून दोनदा शिकून घेतलं. माझ्या चुलत जावेचा नंबरही दिलाय, ती शाळेमागंच राहते.

आज चौथ्या तासाला तिला सुरू झालं. पाऊस होता, वर्गात ट्यूबलाईट लुकलुकत होती म्हणे. तिनं कंपासपेटी उभी केली. बाई फळ्यावर लिहीत होत्या, वळून बघितलं, मान हलवली आणि पुढं लिहीत राहिल्या. बारा मिनिटांत यंत्र सुरू झालं, तिनं घड्याळ बघून ठेवलं होतं मला सांगायला. लायब्ररीत पडदा ओढून बसली. पूर्ण गेलं नाही, थोडं राहिलं होतं, पण उलटी झाली नाही. शेवटचे दोन तास वर्गात बसली. मैत्रिणींबरोबर नेहमीच्या बसनं घरी आली.

दारातच विचारलं, "आई, भाकरी आहे काय गं, लई भूक लागल्या."

येळ्ळूरच्या बाळा, तुला निरोप आहे: कंपासपेटी चालली. आणि ती विचारत्ये, तू सकाळी खाऊन जातेस ना?

---

दहावीतली_येळ्ळूर
गुरुवार, रात्री १०.१०

जातो काकू. आज दोन चपात्या आणि गूळ-तूप.